भुऱ्याची दुपार

गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटी भुऱ्यानं स्वतःचा पुढचा उजवा पाय चाटून चाटून सोलून काढला. आधी केस गेले, मग कातडी लाल झाली, मग रुपयाएवढी ओली जखम. मला वाटलं गोचीड असेल, नाहीतर बुरशी. डॉक्टरीणबाईंनी पाय उलटसुलट करून पाहिला, मलम लिहून दिलं, गळ्यात घालायचं प्लास्टिकचं ते नरसाळं दिलं आणि विचारलं, "दिवसभर काय करतो हा?"

"काही नाही," मी म्हणालो.

"तेच तर. कंटाळलाय तो. त्याला काहीतरी काम द्या."

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. मला कोणी काम दे म्हटलं की बरं वाटतं, कोणाला काम द्या म्हटलं तर आणखीच बरं. घरी येताना गाडीतच माझ्या डोक्यात यादी तयार होत होती. त्या यादीचं पुढं काय झालं ते सांगायचंय, कारण त्यात भुऱ्या मरता मरता वाचला, आणि मला माझ्या नोकरीबद्दल एक गोष्ट कळली, जी न कळती तर माझं बरं चाललं होतं.

भुऱ्या गावठी आहे. आमच्याच बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये जन्मला. त्याची आई, जिला सगळी कॉलनी राणी म्हणते, अजून तिथंच राहते. तिला त्या हिवाळ्यात सहा पिल्लं झाली होती. दोन गाड्यांखाली गेली, बाकीची आजारानं, आणि संक्रांतीपर्यंत हा एकटा उरला. मी त्याला वर आणलं. तिसरा मजला, म्हणजे सगळ्यात वरचा, डोक्यावर थेट स्लॅब. घरात मी आणि आई. नागपुरात वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला मे महिना म्हणजे काय ते सांगायला नको, आणि न राहणाऱ्याला सांगून कळत नाही.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांना थोडाफार येतो, तेवढाच. बाकी सगळा कारभार जिभेवर आणि श्वासावर. धापा टाकताना तोंडातली ओल उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. त्यामुळं हवा दमट असेल तर धापेचा उपयोग कमी होतो. आमच्याकडे कूलर आहे, आणि मी पहिला उन्हाळाभर खिडकी बंद करून तो लावत होतो, गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून. खोली तासाभरात नुकत्याच आंघोळ झालेल्या न्हाणीघरासारखी व्हायची. आपल्याला नुसती चिकचिक होते, कुत्र्याचं तर शरीर गार ठेवायचं मुख्य साधनच निकामी होतं. समोरची खिडकी उघडी ठेवायची असते, हे मला कूलर दुरुस्त करायला आलेल्या माणसानं सांगितलं. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत थर्मोडायनॅमिक्सचा पेपर मी दोनदा दिला होता.

फिरायला पहाटे पाचला आणि रात्री नऊनंतर. डांबरावर पालथा हात सात सेकंद ठेवून बघायचा. आपल्याला ठेववत नसेल तर त्याच्या पंजालाही नको. मे महिन्यात संध्याकाळी साडेसातलाही हात ठेववत नाही. म्हणजे मधले पंधरा-सोळा तास भुऱ्या दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि एक न्हाणीघर यांत. त्यातले बरेच तास मी समोर लॅपटॉप घेऊन बसलेला, म्हणजे शरीरानं हजर आणि बाकी गैरहजर. कुत्र्यासाठी हे माणूस घरात नसण्यापेक्षा वाईट असावं.

तर यादी. सुरुवात इडलीपात्रानं झाली. खोलगट वाट्यांमध्ये पोळीचे आणि उकडलेल्या अंड्याचे तुकडे ठेवायचे, वर टेनिसचे जुने चेंडू बसवायचे. चेंडू नाकानं ढकलल्याशिवाय खाणं मिळत नाही. मग जुन्या टॉवेलची गुंडाळी, घडी-घडीत एकेक तुकडा. मग कुरिअरच्या खोक्यात वर्तमानपत्राचे बोळे आणि त्यात कुठंतरी खाऊ. बिनमिठाचं ताक वाटीत गोठवून दिलं की अर्धा तास चाटत बसायचा. आणि सगळ्यात साधं म्हणजे त्याला एका खोलीत थांबवून दुसऱ्या खोलीत अंड्याचे सहा तुकडे लपवायचे आणि "शोध" म्हणायचं. हा दहा मिनिटांचा खेळ त्याला तासभर पळवल्यासारखा दमवतो. नाकानं विचार करणाऱ्या प्राण्याला शोधणं हेच डोकं चालवणं आहे.

आईनं इडलीपात्र पाहिलं आणि म्हणाली, "ते त्याचंच झालं आता. माह्यासाठी नवीन आण."

आठवड्याभरात पाय भरू लागला. मला फार अभिमान वाटला, आणि अभिमान वाटला की मी वाचायला लागतो. १९६३ मध्ये जेन्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं उंदरांवर एक प्रयोग केला. पिंजऱ्यात एका वाटीत खाणं आयतं ठेवलेलं, शेजारी एक दांडी, जी दाबली की तेच खाणं मिळतं. बरेच उंदीर आयती वाटी सोडून दांडी दाबत बसले. पुढं इतर अनेक प्राण्यांतही हे दिसलं. (मांजरं याला ठळक अपवाद आहेत. मांजर पाळणाऱ्या कोणालाही यात नवल वाटणार नाही.) म्हणजे पोट भरणं आणि पोट भरण्यासाठी काहीतरी करणं या दोन वेगळ्या भुका आहेत. भुऱ्याला वेळेवर जेवण, पाणी, लस, छप्पर सगळं होतं. ब्रिटनमध्ये १९६५ साली ब्रॅम्बेल समितीनं पाळीव गुराढोरांसाठी निदान एवढं तरी हवं म्हणून सांगितलं होतं: प्राण्याला उभं राहता यावं, आडवं होता यावं, वळता यावं, अंग साफ करता यावं, पाय ताणता यावेत. भुऱ्याला हे पाचही करता येत होतं. त्यातलं अंग साफ करणं तर तो इतकं करत होता की रक्त आलं.

इथवर सगळं ठीक होतं. पण माझे आठवड्यातले दोन दिवस मिहानच्या ऑफिसात जातात आणि घरच्या तीन दिवसांतही मीटिंगा असतात. खेळ लावायला माणूस लागतो. आई लावायची, पण तिचं मत वेगळं होतं. ती म्हणायची, "काहून त्याच्या मागं लागला रे तू? झोपून राहिला नं तो, झोपू दे." मी तिला पायाची जखम दाखवायचो.

म्हणून मी यंत्र बनवलं. एक छोटा कंट्रोलर बोर्ड, एक सर्वो मोटर, जुन्या डब्यात बिस्किटांचे तुकडे आणि खाली पंजानं दाबायचं मोठं बटण. लाइट गेली तर बंद पडू नये म्हणून पॉवरबँक. प्रत्येक दाबणीची नोंद व्हायची आणि माझ्या फोनवर आलेख दिसायचा. भुऱ्या बटण दाबायला दोन दिवसांत शिकला आणि तिसऱ्या दिवशी वीस मिनिटांत अख्खा डबा रिकामा करून परत पाय चाटायला बसला.

इथं मी जे केलं ते करायला मला अजिबात विचार करावा लागला नाही. कोडमध्ये एक ओळ बदलली. प्रत्येक दाबणीला बिस्किट नाही. कधी तिसऱ्या दाबणीला, कधी अकराव्या, कधी लागोपाठ दोनदा. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ मध्ये याचं अख्खं जाडजूड पुस्तक लिहून ठेवलंय. बक्षीस कधी मिळेल हे ठरलेलं नसलं की प्राणी जास्त वेळ, जास्त जोरानं दाबत राहतो, आणि बक्षीस कायमचं बंद झालं तरी लवकर थांबत नाही. जुगाराची यंत्रं यावरच चालतात. मी ज्या अ‍ॅपवर काम करतो तेही थोडंफार यावरच चालतं. माणसानं अ‍ॅप बंद केल्यावर किती वेळानं त्याला नोटिफिकेशन पाठवायचं, आणि ते दर वेळी त्याच वेळी का पाठवायचं नाही, हे ठरवणारा भाग आमच्या टीमकडे आहे. आम्ही त्याला 'एंगेजमेंट' म्हणतो. कुत्र्यांबद्दलच्या पानांवरही हाच शब्द असतो, कुत्र्याला एंगेज्ड ठेवा. दोन्हीकडे एकच शब्द आहे हे मला तेव्हा गमतीचं वाटलं होतं.

आलेख सुंदर होता. दुपारी बारा ते चार, सतत वर जाणारा. पाय चाटणं बंद. ऑफिसात शेजारी बसणाऱ्या मित्राला मी फोन काढून दाखवला आणि आम्ही दोघं हसलो.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात आई वर्ध्याला एका लग्नाला गेली. माझा ऑफिसचा दिवस होता. साडेबाराच्या सुमाराला आलेख थांबला. म्हणजे घरची लाइट गेली, वायफाय बंद, मला ते लगेच कळलं, आणि मी फोन उलटा ठेवून दिला. आमच्याकडे लाइट जाते आणि येते. त्या दिवशी ती संध्याकाळी सातला आली.

मी साडेपाचला घरी पोचलो. भुऱ्या यंत्रासमोर आडवा पडला होता. जीभ जांभळट लाल, तोंडाला चिकट फेस, डोळे उघडे, पण मला पाहून शेपटी हलली नाही. कोपऱ्यात पाण्याचं भांडं जवळजवळ भरलेलं होतं. न्हाणीघराचं दार उघडं होतं, आणि तिथली फरशी घरातली सगळ्यात गार जागा आहे हे त्याला माझ्याआधीपासून ठाऊक होतं. तो तिथं गेला नव्हता.

मी नळ सोडला तर टाकीचं पाणी कढत. शेवटी माठातलं पाणी त्याच्या पोटावर, मांड्यांमध्ये, पंजांवर ओतलं आणि वर्तमानपत्रानं वारा घातला. ओला टॉवेल पांघरू नये, आतली उष्णता अडकते, वारा लागला पाहिजे, एवढं मला नशिबानं आठवलं. मग गाडी, एसी फुल, दवाखाना. ताप एकशे सहाच्या वर होता. सलाइन लावलं. किडनीवर परिणाम झालाय का हे लगेच दिसत नाही, म्हणून पुढं दोन दिवस रक्त तपासत राहिले. तो वाचला. डॉक्टरीणबाई मला काही बोलल्या नाहीत, आणि मी त्यांना यंत्राबद्दल काही सांगितलं नाही. लाइट गेली होती, एवढंच सांगितलं. ते खोटं नव्हतं.

रात्री मी यंत्रातलं कार्ड काढून नोंदी पाहिल्या. वायफाय नसलं तरी नोंद होत होती. शेवटचं बिस्किट एक वाजून बारा मिनिटांनी पडलं होतं. त्यानंतर डबा रिकामा. शेवटची दाबणी तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी. मधल्या पावणेतीन तासांत तीनशेच्या वर वेळा त्यानं ते बटण दाबलं होतं. स्लॅबखाली, कूलर बंद असताना. यंत्र पॉवरबँकवर होतं. कूलरसाठी बॅकअपचा विचार मला सुचला नव्हता.

कोणी म्हणेल, हा अपघात आहे, यात नैतिक प्रश्न कसला? डब्यात बिस्किटं संपली की दिवा लागेल असं करायचं होतं, दुरुस्ती सोपी आहे. मीही पहिले काही दिवस असाच विचार केला. पण मला टोचत होतं ते वेगळं. इडलीपात्रासमोर भुऱ्या कधीच असा बसला नव्हता. चेंडू उचलले, वाट्या चाटल्या, हुंगलं, काही उरलं नाही, गेला निघून. इडलीपात्र त्याच्याशी खोटं बोलत नाही. त्याचं नाक त्याला खरं सांगतं आणि खेळ संपतो. माझ्या यंत्रानं मात्र त्याचं नाक निरुपयोगी केलं होतं. डब्याला बिस्किटांचा वास तसाच येत राहतो, आणि 'आता नाही' म्हणजे 'पुढच्या वेळी' की 'कधीच नाही' हे त्याला समजण्याची कुठलीही सोय मी ठेवली नव्हती. ती न ठेवणं हाच तर त्या एका ओळीचा हेतू होता. खेळ संपू नये, कारण मला मीटिंग होती.

म्हणजे ज्याला मी त्याचा कंटाळा घालवणं म्हणत होतो, त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या होत्या. एक, त्याला काहीतरी करायला मिळणं. दुसरी, त्यानं माझ्या वाटेत न येणं. पहिलीचं माप त्याच्याकडे होतं आणि दुसरीचं माझ्या फोनवर. आलेख दुसरीचा होता.

कुत्र्यांच्या हतबलतेबद्दलचे सगळ्यात प्रसिद्ध प्रयोग सेलिगमन आणि मायर यांचे, १९६७ च्या सुमारचे, पेनसिल्व्हेनियातले. वाचताना पोटात ढवळतं. काही कुत्र्यांना असे विजेचे झटके दिले की जे त्यांना कशानंही थांबवता येत नव्हते. पुढं त्यांना अशा पेटीत ठेवलं, जिथं बुटका अडसर ओलांडला की सुटका होती. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी तो ओलांडलाच नाही, पडून राहिले. तेव्हा निष्कर्ष असा निघाला की ही कुत्री हतबलता शिकली. पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच दोघांनी मेंदूवरचं नवं काम पाहून लिहिलं की आपण ते उलटं समजलो होतो. सततच्या त्रासासमोर गप्प पडणं ही मुळातलीच प्रतिक्रिया आहे. शिकावं लागतं ते हे की आपल्या हातात काही आहे.

हे वाचल्यावर मला 'काम द्या' या सल्ल्याचा अर्थ थोडा वेगळा लागला. भुऱ्याला काम नको होतं. आपण काही केलं की जगात काही बदलतं, आणि नाही केलं तरी चालतं, हे दोन्ही त्याला हवं होतं. मी त्याला पहिल्याचा आभास दिला आणि दुसरं काढून घेतलं.

प्राण्यांशी नैतिक वागणं म्हटलं की आपल्याकडे युधिष्ठिराचं कुत्रं येतंच. त्याला सोडून मी स्वर्गात येणार नाही म्हणाला, मोठी गोष्ट आहे. पण त्या कुत्र्याला स्वर्गात जायचं होतं का, हे कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. (तो प्रत्यक्ष धर्म निघाला, त्यामुळं प्रश्न मिटला. आपली कुत्री कुत्रीच निघतात.) नामदेवांची गोष्ट मला जास्त जवळची वाटते. कुत्र्यानं पोळी पळवली आणि ते तुपाची वाटी घेऊन मागं धावले. त्यात बेत कुत्र्याचा आहे. माणूस फक्त त्यात तूप घालायला बघतोय.

आता राणीबद्दल. त्या प्रसंगानंतर मी सुट्टीच्या दिवशी बाल्कनीतून तिला पाहत बसायचो. दुपारी ती काही करत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या कूलरचं पाणी गळतं तिथली माती उकरून ओल्या खड्ड्यात पोट टेकून पडते. ऊन सरकलं की पांढऱ्या गाडीखाली जाते, तिथून जिन्याखाली. बारा ते पाचच्या दरम्यान तीन-चारदा जागा बदलते. संध्याकाळी उठते, अंग ताणते आणि मग तिचा दिवस सुरू होतो. भर दुपारी स्वस्थ पडणं हा तिच्यासाठी कंटाळा नाही, तो उन्हाळ्याला दिलेला जवाब आहे. आई म्हणत होती, झोपू दे, ते निम्मं तरी बरोबर होतं. कुत्र्याचा दुपारचा रिकामा वेळ मला सहन होत नव्हता, कारण मला माझा होत नाही.

पण राणीचं जगणं चांगलं म्हणावं तर तिची पाच पिल्लं आठवतात. ती मागच्या पायानं लंगडते. तिच्याकडे सगळे निर्णय आहेत आणि त्यातले बरेचसे वाईट पर्यायांमधले आहेत. भुऱ्याकडे सगळं चांगलं आहे आणि निर्णय जवळजवळ नाहीतच. यातलं बरं काय, हे मला ठरवता आलेलं नाही. भुऱ्यानं खेळ नाकारला तर मी आता मान्य करतो. पण खोली त्याला नाकारता येत नाही. कडी माझ्या उंचीवर आहे. मी कितीही प्रामाणिक खेळ मांडले तरी ते त्या कडीच्या आतले आहेत, आणि मे महिन्यात ती कडी मी काढणारही नाही. त्याचं भलं कशात आहे हे मीच ठरवणार असेन, तर निदान ते ठरवणारा मी आहे हे मला लपवता येऊ नये, एवढंच.

नोकरी मी सोडलेली नाही. घराचा हप्ता आहे. एका मीटिंगमध्ये मी विचारलं की लोकांनी अ‍ॅप समाधानानं बंद केलं की वैतागून, हे आपण कुठं मोजतो का. कोणीतरी म्हणालं, चांगला प्रश्न आहे, पुढच्या तिमाहीत बघू. ती तिमाही होऊन गेली. अ‍ॅप वापरणारे लोक कुत्री नाहीत, त्यांना कडी काढता येते, असं मी स्वतःला सांगतो. मग रात्री दीड वाजता झोप सोडून फोन चाळणाऱ्या माझ्या स्वतःच्या अंगठ्याकडे बघतो.

यंत्र माळ्यावर आहे. मोटर काढून दुसरीकडे वापरली.

यंदाच्या मेमध्ये आमचं असं चाललंय. पहाटेचा फेरा लांब, आणि त्यात चालणं कमी, हुंगणं जास्त. तो जिथं थांबेल तिथं मी थांबतो, एका खांबापाशी चार मिनिटं गेली तरी. सकाळी आठच्या आधी शोधायचा खेळ. मग दिवसभर न्हाणीघराचं दार उघडं, दोन ठिकाणी पाणी, खिडकी उघडी, कूलर इन्व्हर्टरवर. घरात कोणी नसेल असा दिवस ठेवत नाही. लग्नाला आई गेली तर मी घरून काम करतो. पायावर केस आलेत, पण थोडे पांढरे.

काल दुपारी अडीचला, दोन मीटिंगांच्या मध्ये, मी इडलीपात्र त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं हुंगलं, एक चेंडू नाकानं हलवला, माझ्याकडे पाहिलं आणि उठून न्हाणीघरात जाऊन फरशीवर पोट टेकलं. पुढची मीटिंग मी तिथंच उंबऱ्यावर बसून केली, कॅमेरा बंद ठेवून. मध्येच कोणीतरी विचारलं, हा घोरण्याचा आवाज कुठून येतोय. इडलीपात्र तसंच पडून राहिलं. ऊन उतरल्यावर, सव्वासातला, तो आपणहून आला आणि सगळ्या वाट्या साफ केल्या. वाळलेल्या पोळीचंही त्याला काही वाटलं नाही. एक चेंडू दिवाणाखाली गेला, तो काढायला मला वाकावं लागलं.